लाइपझिगचा बाख महोत्सव: काय ऐकावं, कुठे बसावं

प्रश्न थोडक्यात असा: जूनमध्ये मुलीकडे जर्मनीला जायचं आहे, त्यातले चार दिवस लाइपझिगच्या बाख महोत्सवासाठी राखून ठेवलेत. नवरा-बायको दोघंही हिंदुस्थानी संगीताचे जुने श्रोते, सवाई सहसा चुकवत नाहीत, पण अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख फारसा ऐकलेला नाही. कार्यक्रमांची यादी भलीमोठी, तिकिटं महाग, आणि चर्चमध्ये कसं वागायचं याचीही थोडी धाकधूक. तर काय निवडावं, कुठे बसावं आणि तयारी काय करावी?

मी मूळची वसईची. गावच्या चर्चमध्ये मिस्सेला की-बोर्ड वाजवण्यापासून सुरुवात झाली, पुढे जर्मनीत शिकले, आणि आता बरोक, म्हणजे बाखच्या काळातलं संगीत वाजवणाऱ्या मंडळींबरोबर हार्प्सिकॉर्ड (तारा छेडून वाजणारा पियानोचा पूर्वज) आणि छोटा, नळ्यांचा ऑर्गन वाजवणं, ते सुरात लावणं हाच पोटापाण्याचा उद्योग आहे. त्यामुळे उत्तर वाजवणाऱ्याच्या बाजूनं येणार, हे आधीच सांगते.

सगळ्यात आधी निवडीबद्दल. यादीतलं मोठं नाव बघून तिकीट काढू नका. ती रचना कुठल्या जागेसाठी, कुठल्या प्रसंगासाठी आणि किती गळ्यांसाठी लिहिली होती ते बघा, आणि जमेल तितकं तिथेच जाऊन ऐका. जगात बाख कुठेही ऐकायला मिळतो, पण ही सोय लाइपझिगइतकी दुसरीकडे नाही. १७२३ ते १७५० अशी सत्तावीस वर्षं बाख इथे थॉमस चर्चचा कांटोर होता, म्हणजे शाळेतली मुलं शिकवायची आणि शहराच्या चर्चमधलं संगीत सांभाळायचं. थॉमस आणि निकोलाय ही त्याची दोन मुख्य चर्चेस आजही उभी आहेत, एकापासून दुसऱ्यापर्यंत चालत दहा मिनिटं. महोत्सव शहराच्या वतीनं बाख-आर्काइव्ह ही संशोधन संस्था भरवते, १९९९ पासून दरवर्षी जूनमध्ये, साधारण दहा दिवस. पण त्याचं खरं यजमानपद थॉमस चर्चकडेच आहे: सुरुवात तिथे, शेवट तिथे, आणि बाखची कबरही तिथेच, वेदीसमोर जमिनीत. (त्याच्या अस्थी मुळात दुसऱ्या चर्चच्या आवारात होत्या. ते चर्च दुसऱ्या महायुद्धात पडलं, आणि १९५० मध्ये ही कबर झाली.)

आता समारोपाचा बी मायनर मास, म्हणजे लॅटिन उपासनेच्या शब्दांवरची बाखची मोठी समूहगान-रचना. त्याची तिकिटं सगळ्यात आधी संपतात आणि सगळ्यात महागही असतात. तुम्हाला मिळालं नाही तर हळहळू नका. ही रचना थोर आहे यात वाद नाही, पण तुम्ही ज्या कारणासाठी लाइपझिगला जाताय त्याला ती तितकीशी लागू पडत नाही. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत, १७४८-४९ च्या सुमारास, बाखनं जुने-नवे भाग एकत्र करून ती पूर्ण केली. त्याच्या हयातीत ती सलग गायली गेल्याची कुठेच नोंद नाही. तिचं थॉमस चर्चशी नातं आहे ते आपण आज जोडलेलं. ती बर्लिनमध्ये ऐका, मुंबईत ऐका, फार काही बिघडत नाही.

कँटाटाचं तसं नाही. कँटाटा म्हणजे साधारण वीस-पंचवीस मिनिटांची, त्या-त्या रविवारच्या बायबल-वाचनावर बेतलेली रचना. रविवारची उपासना सकाळी सातला सुरू व्हायची आणि तीन-चार तास चालायची. शुभवर्तमान वाचून झालं की कँटाटा, मग प्रवचन. लोकांच्या हातात शब्दांच्या छापील पुस्तिका असायच्या. सुरुवातीच्या वर्षांत बाख जवळजवळ दर आठवड्याला एक नवीन कँटाटा लिहीत होता: रविवार संपला की पुढची लिहायला घ्यायची, तिचे सुटे कागद घरातल्या मुलाबाळांनी आणि शिष्यांनी उतरवून काढायचे, आणि जेमतेम एखाद्या तालमीवर गायची. त्याच्या सुमारे दोनशे कँटाटा आज शिल्लक आहेत.

जूनचं एक विशेष आहे. बाखच्या कँटाटांची वार्षिक मालिका ज्या रविवारी सुरू व्हायची तो रविवार, ट्रिनिटी या ख्रिस्ती सणानंतरचा पहिला, पास्कानुसार (ईस्टरनुसार) मे-अखेर ते जून-अखेर असा कुठेतरी येतो. नोकरीवर रुजू होऊन त्यानं पहिली कँटाटा (क्रमांक ७५) सादर केली ती ३० मे १७२३ ला, निकोलाय चर्चमध्ये. दुसऱ्या वर्षाची मालिका, जिच्यातल्या बहुतेक कँटाटा एकेका जुन्या स्तोत्रावर उभ्या आहेत, ती सुरू झाली ११ जून १७२४ ला, क्रमांक २० नं. म्हणून यादीत या दोनपैकी एखादी दिसली, किंवा "ट्रिनिटीनंतरचा अमुक रविवार" असं लिहिलेलं दिसलं, तर डोळे मिटून तिकीट काढा. ते संगीत त्या ऋतूचं, त्या जागेचं असतं. राग वेळेवर ऐकण्याचा आग्रह धरणाऱ्या श्रोत्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि यातली सगळ्यात चांगली गोष्ट फार महाग नाही. थॉमस चर्चमध्ये शुक्रवारी संध्याकाळी सहाला आणि शनिवारी दुपारी तीनला "मोटेट" नावाची संगीत-उपासना होते. एरवी वर्षभर तिथे काही युरोंची पत्रिका विकत घेतली की प्रवेश मिळतो. शनिवारी बहुतेक वेळा अख्खी कँटाटा असते. तिथलं मुलांचं गायनमंडळ, थोमानर, १२१२ पासूनचं. बाखनं त्यांच्याच पूर्वजांना शिकवलं, आणि आजचा कांटोर आन्द्रेआस राइझं २०२१ पासून त्याच पदावर आहे. महोत्सवाच्या आठवड्यातल्या वेळा आणि दर मात्र निघण्याआधी तपासून घ्या. जागा राखीव नसतील तर लवकर जाऊन रांगेत उभं राहावं लागतं. ही उपासना आहे, मैफल नाही. टाळ्या वाजवत नाहीत, फोटो काढत नाहीत, मधे एक स्तोत्र सगळे मिळून म्हणतात आणि प्रार्थनेला उभे राहतात. तुम्ही उभे राहिलात, नुसते ऐकत राहिलात, तरी पुरे. धर्म कुठला हे कुणी विचारत नाही.

आता बसायचं कुठे, कारण पहिल्यांदा जाणाऱ्यांची इथेच गंमत होते. थॉमस चर्चमध्ये गाणारे-वाजवणारे पश्चिमेच्या सज्ज्यात, उंचावर असतात, आणि खालची बाकं वेदीकडे, म्हणजे पूर्वेकडे तोंड करून. भरपूर पैसे मोजून तुम्ही मधोमध बसता, आणि सगळं संगीत तुमच्या पाठीमागून, डोक्यावरून येतं. गायकाचा चेहरा आणि हात बघत ऐकायची सवय असलेल्या माणसाला हे पहिली पाच मिनिटं विचित्र वाटतं. लोक माना वळवून थकतात. वळवू नका. बाखच्या काळीही मंडळी पश्चिमेच्याच सज्ज्यात उभी राहायची. ती दिसावीत असा बेतच नव्हता. मॅथ्यू पॅशनच्या (पॅशन म्हणजे येशूच्या दुःखभोगाची आणि मृत्यूची गायलेली कथा) १७३६ च्या सादरीकरणात तर पूर्वेकडच्या छोट्या माडीवरचा दुसरा ऑर्गनही वापरला होता, म्हणजे आवाज पुढून आणि मागून असा दोन्हीकडून येत होता. ती माडी आता नाही.

दिसायलाच हवं असेल तर उत्तर-दक्षिणेच्या सज्ज्यांतल्या जागा घ्या, पण खांब कुठे आडवा येतो ते नकाशात बघून. माझं मत विचाराल तर खालच्या मजल्यावर, मध्यापासून थोडं मागे, "नुसत्या ऐकण्याच्या" स्वस्त जागांवर बसावं. सज्ज्याच्या अगदी खाली मात्र नको, तिथे आवाज दबतो. फार पुढेही नको, कारण तिथे शब्द पोहोचेपर्यंत विरघळलेले असतात. बाखच्या काळात चर्चमध्ये लाकडी सज्जे, बंदिस्त कोठ्यांसारखी बाकं, असं पुष्कळ लाकूड होतं. ते आवाज शोषून घ्यायचं. १८८४ ते १८८९ च्या दुरुस्तीत बरोक काळातली सजावट निघाली आणि आतून सगळं गॉथिक धाटणीचं झालं. त्यामुळे रिकाम्या चर्चमधल्या तालमीत जलद ताना एकमेकांत कालवल्या जातात. माणसं बसली की सुधारतं. श्रोतेच तिथे गादीचं काम करतात म्हणा ना.

निकोलाय चर्च आतून अगदी वेगळं, अठराव्या शतकाच्या अखेरीला पांढऱ्या-हिरव्या रंगात नव्यानं घडवलेलं, खांबांच्या माथ्यावर ताडाची पानं. १९८९ मध्ये पूर्व जर्मनीच्या राजवटीविरुद्ध निघालेल्या सोमवारच्या मोर्चांमुळे ते जगाला माहीत आहे, पण जॉन पॅशन पहिल्यांदा गायली गेली तीही इथेच, ७ एप्रिल १७२४ च्या गुड फ्रायडेला. बाखला ती थॉमसमध्ये करायची होती, पुस्तिकाही तशाच छापून झाल्या होत्या. नगरपालिकेनं यंदा पाळी निकोलायची म्हणून हट्ट धरला. त्यावर बाखनं कळवलं की तिथे माडीवर जागा पुरत नाही आणि हार्प्सिकॉर्ड नादुरुस्त आहे. शेवटी पालिकेनं जागाही वाढवून दिली आणि हार्प्सिकॉर्डच्या दुरुस्तीचा खर्चही केला. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला हा प्रसंग मनापासून आवडतो. आयोजकाकडून दुरुस्तीचे पैसे काढायला बाखलाही अर्ज लिहावा लागला!

हार्प्सिकॉर्डवरून आठवलं. उन्हाळी महोत्सवात वाद्यं सतत लावत बसतात, त्याचा कंटाळा करू नका. तानपुरे जुळेपर्यंत शांत बसणारे श्रोते तुम्ही, पण इथली भानगड जरा वेगळी आहे. तापमान एक अंश सेल्सिअसनं वाढलं की ऑर्गनच्या नळ्यांमधली हवा बदलते आणि त्यांचा सूर साधारण तीन सेंटनं चढतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). सकाळी तालमीला चर्चमध्ये १८ अंश आणि रात्री गच्च गर्दीत २८ अंश असले, तर ऑर्गन अर्ध्या स्वराच्या जवळजवळ एक तृतीयांश वर जातो. नेमक्या त्याच उष्णतेत हार्प्सिकॉर्डच्या धातूच्या तारा प्रसरण पावून उतरतात. एक वर, एक खाली. व्हायोलिनला असतात आतड्याच्या तारा, त्या दमट हवेत आपल्या मर्जीनं हलतात आणि ऐन वेळी तुटतातही. ऑर्गन काही मध्यंतरात लावता येत नाही, म्हणून बाकी सगळे त्याच्या मागे जातात. मध्यंतरात तुम्ही बाहेर हवा खायला जाता तेव्हा माझ्यासारखं कुणीतरी हार्प्सिकॉर्डवर वाकून खुंट्या पिळत असतं. त्या वेळी जवळ उभं राहून बोलू नका, एवढीच विनंती.

पट्टीबद्दलही एक सांगून टाकते, कारण तुमच्या कानाला ते लगेच जाणवेल. बहुतेक बरोक मंडळी आज वाद्यं जुळवायचा स्वर, म्हणजे 'ए', ४१५ हर्ट्झचा धरतात. पेटीवरच्या हल्लीच्या पट्टीपेक्षा तो अर्धा स्वर खाली. गळ्यावरचा ताण कमी होतो, आतड्याच्या तारा गोड बोलतात. बाखच्या लाइपझिगमध्ये मात्र चर्चचे ऑर्गन इतर वाद्यांपेक्षा एक पूर्ण स्वर वर लावलेले होते, म्हणून ऑर्गनवाल्याचा कागद एक स्वर खाली उतरवून लिहिलेला असे. थॉमस चर्चमध्ये आज दोन मोठे ऑर्गन आहेत: पश्चिमेला झाउअर या कारागिराचा १८८९ चा, आणि उत्तरेच्या सज्ज्यात २००० मध्ये बसवलेला, वोएल या कारागिराचा "बाख ऑर्गन". झाउअर धीरगंभीर, रोमँटिक काळातला. एकोणिसाव्या शतकातल्या मेंडेलसोनच्या संगीताला तो शोभतो, पण बाखच्या चार स्वतंत्र ओळी त्यात धूसर होतात. यादीत नुसतं "ऑर्गन वादन" लिहिलं असेल तर कुठला ऑर्गन ते विचारून घ्या.

ऐकायचं कसं? एकच युक्ती सांगते: वरचा आवाज सोडा, खालचा धरा. चेलो आणि छोटा ऑर्गन मिळून जी सर्वांत खालची ओळ वाजवतात तिला कंटिन्युओ म्हणतात. आमच्या कागदावर फक्त ती ओळ आणि वर काही आकडे असतात. बाकीचे स्वर आम्ही त्या आकड्यांवरून जागच्या जागी भरतो. तुमच्या परंपरेतला षड्ज स्थिर असतो आणि गाणं त्याच्याभोवती फिरतं. इथे पायाच चालत असतो, आणि वरचं सगळं त्याच्या पावलांवर अर्थ बदलतं. दोन कँटाटा तुम्ही अशा खालून ऐकल्यात की वरचं गुंतागुंतीचं विणकाम आपोआप सुटं दिसायला लागेल. एकल गाण्यांत बहुतेकदा पहिला भाग शेवटी पुन्हा येतो. त्या पुनरावृत्तीत गायक काय वेगळं करतो तिकडे कान द्या, तिथे तुम्ही घरच्या अंगणात असाल.

आणि मग मॅथ्यू पॅशनमध्ये एक जागा येते, सोप्रानोचं (सर्वांत वरच्या आवाजाचं) "आउस लीबं", म्हणजे "प्रेमापोटी". एक बासरी आणि "ओबो दा काच्चा" नावाची वाकडी, पितळी तोंडाची दोन ओबो (सनईच्या जातीची वाद्यं). ही वाद्यं लाइपझिगच्याच आइखेंटॉफ नावाच्या कारागिरानं घडवलेली आजही संग्रहालयांत आहेत. या गाण्यात कंटिन्युओ नाही. ज्या पायावर कान ठेवा म्हटलं तोच बाखनं काढून घेतला आहे. आम्ही वाजवणारे त्या वेळी हात मांडीवर ठेवून बसतो. खालून आधार गेल्यावर ती सूरावट कशी तरंगते, हे चर्चमध्ये ऐकणं आणि हेडफोनवर ऐकणं यात फार फरक आहे.

दोन्हींपैकी एखादी पॅशन यादीत असेल तर तयारी सोपी आहे, आणि ती मराठीतच होते. मत्तयकृत शुभवर्तमानाचे २६ आणि २७ हे अध्याय म्हणजे मॅथ्यू पॅशनची कथा. योहानकृत शुभवर्तमानाचे १८ आणि १९ म्हणजे जॉन पॅशन. मराठी बायबलमधून ते आदल्या रात्री वाचून जा, तासाभराचंही काम नाही. मग जर्मन येत नसलं तरी पेत्रानं नाकारलं ते कुठे, गर्दी ओरडते ती कुठे, हे सगळं कळत जातं. मॅथ्यू पॅशनमध्ये एकच स्तोत्राची चाल पाच वेळा वेगवेगळ्या स्वरसंगतीत येते. मूळ ती चाल १६०१ च्या एका प्रेमगीताची, हास्लर या संगीतकाराची. पुढे ती स्तोत्राला लागली आणि घरोघरी गेली. त्या काळच्या श्रोत्यांना ती पाठच होती, त्यामुळे पाचव्यांदा, येशूनं प्राण सोडल्यावर, ती खालच्या, अनोळखी वाटणाऱ्या स्वरांत आली तेव्हा काय झालं असेल याची कल्पना करा. जाण्यापूर्वी ती चाल यूट्यूबवर ऐकून गुणगुणता येईल इतकी ओळखीची करून घ्या. ही एक तयारी इतर सगळ्या वाचनापेक्षा जास्त कामाची आहे.

किती गायक असावेत यावरून आमच्यात अजून भांडणं चालतात. १९८१ मध्ये संगीत-अभ्यासक आणि वादक जोशुआ रिफ्किन यांनी मांडलं की बाखच्या समूहगानात बहुतेक वेळा एका ओळीला एकच गायक असे. बाखनं स्वतः १७३० मध्ये पालिकेला लिहिलेल्या निवेदनात मात्र बारा ते सोळा गायक हवेत असं म्हटलंय. त्यावर रिफ्किन यांची बाजू म्हणते, मागणी वेगळी आणि प्रत्यक्ष मिळालेले वेगळे. मी दोन्हीत वाजवते आणि मला छोटी मंडळं जास्त भावतात, कारण शब्द कळतात. महोत्सवात दोन्ही प्रकार असतात. तुम्ही एक मोठं आणि एक अगदी छोटं ऐका आणि स्वतः ठरवा. एक दुपार मुलांच्या आवाजासाठी ठेवाच. चर्चमध्ये तेव्हा स्त्रिया गात नसत, वरच्या ओळी मुलगेच गायचे, आणि थोमानरचा तो थोडा कडक, सरळ सूर प्रौढ सोप्रानोपेक्षा खूप वेगळा लागतो.

चार दिवसांपैकी एक दिवस शहराबाहेर काढता आला तर श्टोर्मथाल गाठा. लाइपझिगच्या दक्षिणेचं लहानसं गाव, लहानसं चर्च, आणि त्यात हिल्डेब्रांट या कारागिराचा १७२३ चा ऑर्गन. बाखनं तो तपासला, आणि २ नोव्हेंबर १७२३ ला स्वतःच्या १९४ क्रमांकाच्या कँटाटानं त्याचं उद्घाटन केलं. थॉमस चर्चमधलं त्याच्या वेळचं एकही ऑर्गन राहिलेलं नाही, हे राहिलंय. याच हिल्डेब्रांटचा मोठा ऑर्गन नाउमबुर्गच्या वेंत्सेल चर्चमध्ये आहे. १७४६ मध्ये तो बाख आणि ऑर्गन-कारागीर सिल्बरमान यांनी मिळून तपासला. तो अधिक भव्य, रेल्वेनं जायलाही सोपा. पण निवडायचंच झालं तर मी श्टोर्मथालच म्हणेन. तिथे तुम्ही शेवटच्या बाकावर बसलात तरी ऑर्गन हाताच्या अंतरावर वाटतो.

बारीकसारीक गोष्टी. कपडे साधे चालतात, पण सोबत शाल हवीच: जूनच्या पहिल्या आठवड्यात दगडी भिंती आतून गार असतात, आणि उष्णतेची लाट आली तर आत पंखाही नसतो. बाकं कडक आहेत, मॅथ्यू पॅशन पावणेतीन तासांच्या आसपास चालते, तेव्हा छोटी उशी न्यायला लाजू नका, स्थानिक आजी-आजोबाही आणतात. मैफलीत टाळ्या फक्त पूर्ण रचना संपल्यावर. "वाहवा" मात्र मनातच. दिवसाला दोन कार्यक्रम पुरे, तिसऱ्याला कान थकलेले असतात. मधल्या वेळात थॉमस चर्चच्या समोरच बोझं हाउसमध्ये बाख संग्रहालय आहे, तिथे बाखच्या हस्ताक्षरातली पानं पाळीपाळीनं दाखवतात. बाजारचौकात उघड्यावर फुकट कार्यक्रम होतात, तिथे वातावरण छान पण आवाज भोंग्यातून, तेव्हा ते चहाबरोबर ऐकायला ठीक.

तिकीटविक्री आधीच्या वर्षीच सुरू होते. यंदासाठी उशीर झाला असेल तर घाबरू नका, सादरीकरणाच्या एक तास आधी दाराशी परत आलेली तिकिटं बऱ्याचदा मिळतात, विशेषतः निकोलायमधली आणि सकाळची. तुम्ही कुठल्या चार तारखांना आहात ते कळवलंत तर त्या दिवसांच्या यादीवर खुणा करून देईन.